स्पेक्ट्रोचा रिपोर्ट तोच, मग कड का कठीण? बिडाच्या कास्टिंगमधील इनॉक्युलंटविषयी

यंत्रकार

नमस्कार मंडळी. माझे लहानसे मशीन शॉप असून आमच्याकडे पंपाच्या बेअरिंग ब्रॅकेटची बिडाची कास्टिंग मशिनिंगसाठी येतात. ग्रेड एफजी २६० आहे, म्हणजे किमान २६० एमपीए (मेगापास्कल) ताकदीचे राखाडी बीड. मुख्य भिंत सुमारे १८ मि.मी. जाड आहे, पण फ्लँजची कड आणि तिला टेकू देणाऱ्या फासळ्या ६ मि.मी.च्याच आहेत. अलीकडे काही कास्टिंगमध्ये ही कड इतकी कठीण येते, की कानस तिच्यावरून नुसती घसरते आणि टर्निंगला कार्बाइड इन्सर्टचे टोक पहिल्याच कटमध्ये उडते. त्याच कास्टिंगच्या जाड भिंतीवर मात्र २०० ते २१० बीएचएन (ब्रिनेल हार्डनेस) मिळते, म्हणजे या ग्रेडसाठी धरल्या जाणाऱ्या १८० ते २३० या मर्यादेच्या अगदी मध्यावर.

ओतशाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांच्या प्रत्येक स्पेक्ट्रो रिपोर्टवर (रासायनिक रचनेच्या तपासणीवर) कार्बन ३.२५, सिलिकॉन १.९५, मँगनीज ०.७०, फॉस्फरस ०.०६ आणि गंधक ०.०३ टक्क्यांच्या आसपास असते. ३० मि.मी.चा टेस्ट बारही २६० एमपीएच्या वरच तुटतो. विचारणा केल्यावर एवढेच समजले, की रचना जुनीच आहे, इनॉक्युलंट (ओतण्याआधी वितळलेल्या बिडात थोडासा घालायचा, ग्रॅफाइट बनायला मदत करणारा माल) तेवढा आता दुसऱ्या पुरवठादाराकडून येतो, आणि प्रमाण पूर्वीइतकेच म्हणजे ०.२ टक्के ठेवले आहे. टनामागे दोन किलो घातलेली वस्तू रिपोर्टात कुठेही न दिसता कास्टिंगमध्ये एवढा फरक कसा पाडू शकते, हे कोणी नीट उलगडून सांगेल का?

धातुवेध

ती वस्तू रिपोर्टात का दिसत नाही, याचे कारण रिपोर्ट ज्या नमुन्यावरून निघतो त्यातच आहे. स्पेक्ट्रोसाठी रस (वितळलेले बीड) तांब्याच्या साच्यात ओतून झटकन गोठवतात आणि ते नाणे मुद्दाम पूर्ण पांढरे केलेले असते, कारण मोकळे ग्रॅफाइट असलेल्या पृष्ठभागावर कार्बनचे मोजमाप विश्वासार्ह येत नाही. त्यामुळे कार्बन किती आहे हे त्यातून कळते. तुमच्या कास्टिंगमध्ये तो कोणत्या रूपात बसला आहे, हे कळण्याची सोयच त्यात नाही. इनॉक्युलंटचे सगळे काम नेमके या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

बीड गोठत असताना शेवटी उरलेल्या द्रवापुढे दोन वाटा असतात. कार्बन सुटा होऊन ग्रॅफाइट बनला तर राखाडी बीड मिळते, आणि लोहाशी संयोग पावून सिमेंटाइट बनला तर पांढरे बीड मिळते. शुद्ध लोह-कार्बन मिश्रणात ग्रॅफाइटची वाट सुमारे ११५३ अंश सेल्सिअसला आणि सिमेंटाइटची सुमारे ११४७ अंशांना उघडते, म्हणजे दोहोंतील अंतर जेमतेम सहा-सात अंशांचे आहे. दोन टक्के सिलिकॉन असले की हे अंतर वाढून चाळीस अंशांच्या घरात जाते, आणि राखाडी बीड ओतता येते ते याच मोकळ्या जागेच्या बळावर. भंगारातून आलेले क्रोमियम हीच जागा आकुंचित करते. परंतु रसाचे तापमान ग्रॅफाइटच्या रेषेखाली उतरले म्हणून ग्रॅफाइट आपोआप तयार होत नाही, त्याला सुरुवात करायला रसात सूक्ष्म कण असावे लागतात. असे कण भरपूर असले तर ग्रॅफाइट रेषेच्या थोडे खालीच वाढू लागते, वाढताना उष्णता सोडते आणि रसाचे तापमान सावरून धरते. कण तुरळक असले तर रस आणखी खाली घसरत राहतो. ६ मि.मी.च्या कडेतून उष्णता वाळूत इतक्या वेगाने निघून जाते, की ग्रॅफाइटला सुरुवात होण्याआधीच सिमेंटाइटची रेषा गाठली जाते. तुमच्या कानशीला जे दाद देत नाही, ते हे सिमेंटाइट आहे. १८ मि.मी.च्या भिंतीला गोठायला पुरेसा अवधी मिळतो म्हणून ती राखाडी राहते, आणि ३० मि.मी.च्या टेस्ट बारला तर या भानगडीचा पत्ताही लागत नाही.

हे सुरुवातीचे कण राखाडी बिडात बहुतांशी मँगनीज सल्फाइडचे असतात आणि त्यांच्या गाभ्याशी ऍल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम यांची ऑक्साइडे असतात. बाजारातील बहुतेक इनॉक्युलंट ७५ टक्के सिलिकॉनच्या फेरोसिलिकॉनवर आधारलेले असले, तरी खरे काम त्यात मिसळलेले थोडेसे कॅल्शियम, ऍल्युमिनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम किंवा झिर्कोनियम करते. ही मूलद्रव्ये जवळजवळ नसलेले शुद्ध फेरोसिलिकॉन रसात सिलिकॉन वाढवते, चिल (पांढरे गोठणे) मात्र फारशी कमी करत नाही. त्यामुळे प्रमाण तेच ठेवले, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका; नव्या पिशवीच्या प्रमाणपत्रावर कॅल्शियम आणि त्याच्या जोडीचे मूलद्रव्य किती टक्के आहे ते विचारा.

शिरोलीकर

धातुवेधताईंनी मुळाशी जाऊन सांगितले आहे. मी ओतशाळेतच काम करतो, त्यामुळे शेडमधील बाजू मांडतो, आणि तिथे पिशवीच्या आधी घड्याळ पाहावे लागते. इनॉक्युलंट रसात पडल्या क्षणापासून त्याचा परिणाम उतरू लागतो. त्याला आम्ही फेडिंग म्हणतो. तयार झालेले सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही मळीत तरंगून जातात, काही विरतात. साध्या कॅल्शियमयुक्त मालाचा परिणाम पहिल्या पाच मिनिटांतच निम्म्यावर येऊ शकतो आणि पंधरा मिनिटांनंतर त्यावर विसंबण्यासारखे फारसे उरत नाही.

आता तुमच्या ब्रॅकेटचा विचार करा. ५०० किलोचे लॅडल (रस ओतायचे भांडे) भरून त्यात पंचवीस-तीस साचे ओतायचे असतील, मध्ये क्रेनची वाट पाहावी लागली, एखाद्या साच्याची पेटी नीट बसलेली नसली, तर पहिला साचा दुसऱ्या मिनिटाला आणि शेवटचा बाराव्या-तेराव्या मिनिटाला ओतला जातो. हीट (भट्टीतून निघालेला घाणा) एक, रिपोर्ट एक, पण पहिल्या आणि शेवटच्या साच्यात वास्तविक दोन वेगवेगळी बिडे गेलेली असतात. तुमच्याकडे कठीण निघणारी कास्टिंग विखुरलेली आहेत की गटाने येतात? कास्टिंगवर हीट नंबर असतोच, साच्याचा क्रमांक मात्र बहुधा नसतो. त्यांना एका लॅडलचे साचे ओतण्याच्या क्रमाने खडूने मांडून द्यायला सांगा आणि साचा फोडून झटकल्यावर कास्टिंगवर तोच क्रमांक रंगाने टाकायला लावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्यातून रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त कळेल.

इनॉक्युलंट कसा घालतात तेही एकदा उभे राहून पाहा. लॅडलच्या तळाशी आधीच टाकून वर रस सोडला, तर खालचा थर भाजून गोळा होतो आणि बराचसा माल मळीबरोबर बाहेर जातो. लॅडल पाव भरल्यापासून पाऊण भरेपर्यंत, पडत्या धारेत, सावकाश घालणे योग्य. दाणा साधारण २ ते ६ मि.मी.चा असावा. पिशवीच्या तळाची भुकटी रसावरच जळून जाते, आणि फार मोठा खडा थंड रसात पूर्ण न विरघळता कास्टिंगमध्येच अडकतो.

प्रशिक्षणार्थी

उत्तम चर्चा. म्हणजे हे घरच्या विरजणासारखेच झाले, थोडे घातले की सगळे दूध लागते. मग फेडिंगची भीती असेल, तर ०.२ ऐवजी सरळ ०.५ किंवा ०.६ टक्के घालून प्रश्न सुटणार नाही का? माल तसा फार महाग नसतो.

शिरोलीकर

विरजण दुधात वाढत जाते आणि हे रसात घटत जाते, एवढा फरक लक्षात ठेवा. बाकी उपमा चालेल. प्रमाण वाढवण्याबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ७५ टक्क्यांचा माल ०.६ टक्के घातला, तर रसात साधारण ०.४ टक्के सिलिकॉन वाढते. कार्बन इक्विव्हॅलंट म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. यंत्रकारांच्या रिपोर्टावरून तो सुमारे ३.९२ येतो, आणि भट्टीचा चार्ज (भरलेला कच्चा माल) तोच ठेवून इनॉक्युलंट तिप्पट केला तर तो चारच्या वर जाईल. तेवढ्यावर एफजी २६० ची ताकद टिकवणे अवघड होते. जास्त घालायचेच असेल, तर भट्टीतील सिलिकॉन आधी तेवढे खाली ठेवावे लागते. म्हणूनच रिपोर्टाचा नमुना भट्टीतून घेतला की इनॉक्युलंट घातल्यानंतर लॅडलमधून घेतला, हेही विचारायला हवे.

दुसरा तोटा पोकळपणाचा. कण जास्त झाले की युटेक्टिक सेलची (ग्रॅफाइटसह गोठत जाणाऱ्या पुंजक्यांची) संख्या वाढते, ग्रॅफाइट एकदम सगळीकडून फुगू लागते आणि ग्रीन सँडचा (ओलसर वाळूचा) साचा पुरेसा घट्ट ठोकलेला नसेल तर त्याच्या भिंती मागे सरकतात. सरकलेली जागा भरायला रस उरलेला नसतो, मग जाड भागाच्या पोटात स्पंजासारखी श्रिंकेज (आकसून झालेली पोकळी) राहते. पंपाचे कास्टिंग पाण्याच्या दाबाला पाझरते ते पुष्कळदा अशानेच, आणि त्या वेळी दोष मात्र रायझरला (गोठताना जादा रस पुरवणाऱ्या भागाला) दिला जातो.

त्यापेक्षा लॅडलमध्ये ०.२ टक्केच ठेवावे आणि साच्यात ओतताना धारेत ०.०५ ते ०.१ टक्का बारीक माल सोडावा. हा दाणा ०.२ ते ०.७ मि.मी.चा, चाळलेला आणि कोरडा लागतो. तो साच्यात शिरता शिरताच विरघळत असल्यामुळे फेडिंगला वेळच मिळत नाही, आणि एवढ्याशा मालात लॅडलमधल्या कितीतरी पट मालाचे काम होते. फक्त ओतण्याचे तापमान फार उतरले असेल तर तो न विरघळता राहण्याचा धोका असतो.

यंत्रकार

आभारी आहे. शिरोलीकरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कठीण कास्टिंग गटानेच येतात. एका पेटाऱ्यात एकही नसते आणि दुसऱ्यात ओळीने निघतात. पण आणखी एक गोष्ट आहे, जी मी आधी लिहिली नव्हती, कारण ती मला उलटी वाटत होती. अशा कास्टिंगची कड आम्ही ग्राइंडरने खाऊन टाकली, की आत तीन-चार मि.मी. वर एक पट्टा लागतो जो उलट अपेक्षेपेक्षा मऊ असतो. तिथे फिनिश फाटल्यासारखा येतो आणि हार्डनेस जाड भिंतीपेक्षाही कमी मिळतो. एकाच कास्टिंगमध्ये शेजारी शेजारी अति कठीण आणि अति मऊ कसे असू शकते?

धातुवेध

हे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. अगदी कडेला रस सिमेंटाइटच्या रेषेखाली गेला आणि पांढरा गोठला. त्याच्या थोडे आत तो त्या रेषेच्या किंचित वर राहिला, म्हणजे ग्रॅफाइट तयार झाले खरे, पण फार उशिरा आणि फार घाईने. असे ग्रॅफाइट लांब, स्वैर पसरलेल्या पापुद्र्यांचे नसते; ते डेंड्राइटच्या, म्हणजे झाडासारख्या वाढलेल्या स्फटिकांच्या, फांद्यांच्या मधल्या जागेत अतिशय बारीक तुकड्यांच्या जाळीसारखे बसते. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइटचे जे ए ते ई असे प्रकार सांगतात, त्यांतील हा डी प्रकार. आपल्याला सगळीकडे हवा असतो तो ए प्रकार.

डी प्रकारात ग्रॅफाइटचे तुकडे एकमेकांच्या इतके जवळ असतात, की पुढे घन अवस्थेत थंड होताना लोहातील कार्बनला जवळच्या ग्रॅफाइटपर्यंत पोहोचायला फार थोडे अंतर कापावे लागते. तो तिकडे निघून जातो आणि मागे पर्लाइटऐवजी (फेराइट व सिमेंटाइटच्या बारीक थरांऐवजी) फेराइट, म्हणजे जवळजवळ कार्बन नसलेले लोह, उरते. फेराइट मऊ असते, म्हणून तुम्हाला तो पट्टा मऊ लागतो आणि टूलखाली फाटतो. घर्षणाच्या पृष्ठभागावर असा पट्टा आला तर झीजही लवकर होते. सिलिंडर लायनर किंवा ब्रेक ड्रम करणारे लोक डी प्रकाराला घाबरतात ते यासाठी. ताकदीच्या दृष्टीनेही फांद्यांच्या मधून रांगेने बसलेले ग्रॅफाइट वाईट, कारण तडा जायला आयतीच वाट मिळते. परिणामकारक इनॉक्युलेशन झाले की कडेपासून गाभ्यापर्यंत ए प्रकार आणि पर्लाइट मिळते आणि पातळ व जाड भागांच्या हार्डनेसमधील फरक कमी होतो. माझ्या मते मशीन शॉपसाठी इनॉक्युलंटचा सर्वांत मोठा लाभ हा आहे. ताकदीचे आकडे त्यानंतर.

जुनी_भट्टी

मी निवृत्त आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतले जात आणि क्युपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) पेटला की साऱ्या गल्लीला कळे, त्या काळापासून मी ओतकाम पाहिलेले आहे. यंत्रकारांच्या रिपोर्टातील एका आकड्याकडे अजून कोणी बोट दाखवलेले नाही, तो म्हणजे गंधक ०.०३ टक्के. आमच्या क्युपोलात कोक जळत असल्यामुळे रसात गंधक ०.०८ ते ०.१२ टक्के सहज येत असे आणि आम्ही त्याला शिव्या घालत असू. इंडक्शन भट्टी आली, चार्जमध्ये पिग (कच्चे बीड) कमी होऊन स्टील स्क्रॅप वाढले, कार्बन भरून काढायला रिकार्ब्युरायझर आला आणि गंधक आपोआप खाली गेले. कागदावर रस स्वच्छ झाला, पण वर ताईंनी जे मँगनीज सल्फाइडचे कण सांगितले ते बनायला गंधकच पुरेसे उरले नाही. राखाडी बिडात गंधक साधारण ०.०५ टक्क्यांच्या खाली गेले, की इनॉक्युलंट कोणताही घाला, त्याला हवा तसा प्रतिसाद मिळत नाही. आयर्न सल्फाइड घालून गंधक ०.०६ ते ०.०८ टक्क्यांवर आणणे हा सरळ उपाय आहे. त्याच वेळी मँगनीज गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के एवढे तरी असावे लागते, इथे ०.७० आहे, म्हणजे त्याची चिंता नाही. नव्या पुरवठादारावर सगळा दोष टाकण्याआधी ओतशाळेने चार्जमधील स्टीलचे प्रमाण कधी वाढवले, याची चौकशी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट भट्टीत रस ताटकळत ठेवण्याची. साचे तयार नाहीत, जेवणाची सुट्टी झाली, क्रेन अडकली, म्हणून रस १५०० अंशांच्या वर तासभर तसाच राहिला, तर त्या तापमानाला रसातील कार्बन सिलिकॉनच्या ऑक्साइडलाच खाऊन टाकतो आणि मुळातले कण नाहीसे होतात. स्पेक्ट्रोवर कार्बन थोडा कमी आणि सिलिकॉन थोडे जास्त दिसते, तेवढे दुरुस्त केले की रिपोर्ट सुरेख होतो, पण रस मेलेला असतो. अशा वेळी ओतण्याआधी थोडे ताजे पिग किंवा सिलिकॉन कार्बाइड देऊन त्यात जीव आणावा लागतो. नुसता इनॉक्युलंट वाढवून ते साधत नाही.

इनॉक्युलंटने ताकद वाढते असे सर्रास लिहिले जाते, त्याबद्दलही थोडे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथे ऑगस्टस मीहान यांनी जी पद्धत बसवली आणि जी पुढे मीहानाइट नावाने जगभर गेली, तिचा गाभा फार साधा होता. एरवी पांढरे किंवा अर्धे पांढरे गोठेल एवढ्या कमी कार्बन इक्विव्हॅलंटचे बीड घ्यायचे आणि लॅडलमध्ये कॅल्शियम सिलिसाइड घालून ते राखाडी गोठवायचे. ताकद आली ती कमी ग्रॅफाइटमुळे. इनॉक्युलंटने त्या कमी ग्रॅफाइटच्या रचनेत पांढरेपणा न येता ओतण्याची मुभा दिली. ४.२ इक्विव्हॅलंटच्या मऊ बिडात तुम्ही कितीही चांगला इनॉक्युलंट घाला, त्याचे एफजी ३०० होणार नाही.

कॅमशाफ्ट_विभाग

एक छोटी पुरवणी. चिल ही प्रत्येक ठिकाणी शत्रू नसते. चिल्ड कॅमशाफ्टमध्ये कॅमच्या नाकावर साच्यात लोखंडी चिल (झटकन थंड करणारा तुकडा) बसवून तेवढा भाग मुद्दाम पांढरा गोठवतात, म्हणजे तो झिजत नाही, आणि शाफ्टचा बाकी भाग राखाडी ठेवतात, म्हणजे तो मशीन करता येतो. आमच्याकडे इनॉक्युलंट कमी पडला तर बेअरिंगच्या जागा कठीण येतात आणि जास्त झाला तर नाकावरची चिलची खोली घटते. त्यामुळे आम्हाला किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात.

प्रशिक्षणार्थी

जुनी भट्टी काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. आता माझा एक व्यवहारी प्रश्न. बाजारात बेरियमचा, स्ट्रॉन्शियमचा, झिर्कोनियमचा असे प्रकार मिळतात आणि प्रत्येक विक्रेता आपलाच सर्वांत चांगला म्हणतो. यंत्रकारांच्या ब्रॅकेटसाठी तुम्ही मंडळी कोणता निवडाल?

धातुवेध

एकच सर्वोत्तम असा प्रकार नाही. बेरियम असलेल्या मालाचा परिणाम सावकाश उतरतो, म्हणून ज्यांची लॅडल मोठी आणि ओतणी लांबलेली आहे त्यांना तो बरा पडतो. स्ट्रॉन्शियमचा माल साधारण ०.६ ते १ टक्का स्ट्रॉन्शियमचा असून त्यात कॅल्शियम आणि ऍल्युमिनियम मुद्दाम फार कमी ठेवलेले असते. तो चिल जोरदार कमी करतो, पण सेलची संख्या त्या मानाने फारशी वाढवत नाही, त्यामुळे दाबाला घट्ट राहण्याची गरज असलेल्या पातळ कास्टिंगसाठी तो मला आवडतो. ऍल्युमिनियम कमी असल्याने ग्रीन सँडमधील हायड्रोजनच्या पिनहोलचा (बारीक छिद्रांचा) धोकाही घटतो. अट एवढीच, की त्याच्यासोबत दुसरा कॅल्शियम-बेरियमचा किंवा रेअर अर्थचा (सिरियमसारख्या मूलद्रव्यांचा) माल मिसळू नये, नाहीतर स्ट्रॉन्शियमचे वैशिष्ट्यच मारले जाते. झिर्कोनियमचा उपयोग तेव्हा, जेव्हा स्टील स्क्रॅप आणि हलक्या दर्जाच्या रिकार्ब्युरायझरमधून नायट्रोजन आलेला असतो. झिर्कोनियम त्याला बांधून ठेवते.

या ब्रॅकेटसाठी मी आधी गंधक दुरुस्त करेन आणि मग लॅडलमध्ये बेरियमचा माल वापरेन. धारेत सोडण्याची सोय झाली तर तिथे स्ट्रॉन्शियमचा माल घालावा असे सुचवले जाईल, पण मी आत्ताच सांगितल्याप्रमाणे दोन्हींचे मिश्रण टाळायचे असल्यामुळे धारेतही बेरियमचाच बारीक दाणा घ्यावा. गंधक ०.०३ वर तसेच ठेवून महाग पिशवी घेण्यात अर्थ नाही.

गोलग्रॅफाइट

आम्ही एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचे बीड) ओततो. नोड्युलॅरिटी ९० टक्क्यांच्या वर असूनही ४००/१५ (४०० एमपीए ताकद, १५ टक्के लांबण) ग्रेडच्या पातळ कास्टिंगमध्ये तुटण्याआधीची लांबण १५ टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. हे इनॉक्युलंटचेच प्रकरण मानावे का? विषयांतर वाटत असेल तर वेगळा धागा काढतो.

धातुवेध

विषयांतर नाही, कारण एसजीमध्ये इनॉक्युलंटवाचून चालतच नाही. १९४८ साली अमेरिकन फाउंड्रीमन्स सोसायटीच्या फिलाडेल्फिया येथील अधिवेशनात गोल ग्रॅफाइटचे बीड जगापुढे आले. ते मॅग्नेशियमने करण्याची जी पद्धत रूढ झाली तिच्यातही मॅग्नेशियमच्या प्रक्रियेनंतर फेरोसिलिकॉन घालणे हा अविभाज्य भाग होता, कारण मॅग्नेशियम ग्रॅफाइटला गोल करते आणि त्याच वेळी रसाला पांढरे गोठण्याकडे ढकलते. नोड्युलॅरिटी म्हणजे किती गोळे नीट गोल आहेत. पातळ कास्टिंगच्या लांबणीला त्याच्याइतकेच महत्त्व प्रति चौरस मि.मी. गोळे किती आहेत याला असते. गोळे थोडे आणि मोठे असले, की त्यांच्या मधल्या जागा रुंद राहतात, मँगनीज आणि क्रोमियम तिथे शेवटी गोठणाऱ्या द्रवात साचते आणि बारीक कार्बाइड बनते. नोड्युलॅरिटी मोजणाऱ्याला ते जाणवतही नाही, ओढताना मात्र बार लवकर तुटतो. गोळे भरपूर असले तर कार्बनला जवळ ठिकाण मिळते आणि फेराइट वाढते, जे ४००/१५ मध्ये हवेच आहे. राखाडी बिडात जो फेराइट यंत्रकारांना त्रास देतो, त्याच्यामागील यंत्रणा इथे उपयोगी पडते.

उरलेले मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांत ठेवा, प्रक्रियेनंतर आठ-दहा मिनिटांत ओतणी संपवा आणि शेवटचा ०.१ टक्का माल धारेतच द्या. तुमच्या मॅग्नेशियम मिश्रधातूत रेअर अर्थ असेल, तर स्ट्रॉन्शियमचा इनॉक्युलंट घेऊ नका.

यंत्रकार

या धाग्याची प्रत घेऊन मी ओतशाळेत गेलो होतो. त्यांनी आदराने ऐकून घेतले. स्टील स्क्रॅपचे प्रमाण पिग महागल्यापासून वाढवले आहे, हे त्यांनी मान्य केले. साच्यांवर खडूने क्रमांक टाकून एक लॅडल माझ्यासमोरच ओतले. कठीण कडा ओतणीच्या शेवटच्या तृतीयांशात निघाल्या, आधीच्या साच्यांत कानस व्यवस्थित लागते. आधी आलेल्या कठीण मालाचे काय करायचे आणि पुढच्या खरेदीच्या पत्रात कोणती अट घालायची, एवढेच आता बाकी आहे. मी असे लिहावे म्हणतो, की इनॉक्युलंट ०.३ टक्के घातलाच पाहिजे आणि त्याची पावती दाखवावी.

शिरोलीकर

कठीण माल ९०० ते ९५० अंशांना तापवून, म्हणजे अनीलिंग करून, सिमेंटाइट मोडता येते, पण सावकाश थंड केल्यास पर्लाइटही जाते आणि जाड भिंत २६० एमपीएची राहीलच असे नाही. शिवाय पपडी आणि वाकडेपणा येतो. यंत्रकार, तुमचे ब्रॅकेट भार घेणारे असेल, तर तो माल परत करा.

पत्रात टक्केवारी मात्र लिहू नका. ०.३ टक्के लॅडलच्या तळाशी घालून अर्धा तास ठेवला, तरी पावती खरीच असेल. त्याऐवजी असे लिहा, की प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्यानंतर उरलेल्या रसाची चिल वेज (पाचरीच्या आकाराचा नमुना) ओतावी, ती तोडून पांढऱ्या भागाची रुंदी मोजावी आणि हीट नंबरासह नोंदवावी. रुंदीची कमाल मर्यादा तुमच्या ६ मि.मी.च्या कडेवरून दोघांनी मिळून ठरवा; चांगल्या निघालेल्या लॅडलच्या दोन-चार वेज समोर ठेवल्या की ती ठरवणे अवघड नाही. वेजला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि इनॉक्युलंट कोणता, किती, केव्हा घातला, गंधक किती होते, रस किती वेळ ताटकळला, या सगळ्याचा एकत्रित परिणाम त्या तुटलेल्या तोंडावर दिसतो.

धातुवेध

वेजच्या जोडीला थर्मल ऍनालिसिसचा (रस गोठताना तापमान नोंदणारा) कप त्यांच्याकडे असेल, तर तो टेल्युरियम नसलेला घ्यायला सांगा. टेल्युरियमचा कप रसाला मुद्दाम पांढरे गोठवतो आणि कार्बन इक्विव्हॅलंट मोजण्यासाठीच असतो. साध्या कपात गोठतानाचे सर्वांत खालचे तापमान आणि तिथून ते किती वर सावरले, हे दोन्ही आकडे मिळतात. खालचे तापमान सिमेंटाइटच्या रेषेला टेकू लागले असेल, तर साचे ओतण्याआधीच थांबता येते. हार्डनेस तपासणीची जागाही चित्रावर बाणाने दाखवा आणि ती फ्लँजच्या कडेवर घ्या, भिंतीवर नको.